‘बीपी लो झालंय’ म्हणण्याआधी: उभं राहून मोजा, मग उपचाराचं बोला

चक्कर आली, हातपाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली की कोणीतरी ‘बीपी लो झालं असेल’ म्हणतं आणि मीठ-साखरेचं पाणी पुढे करतं. कधी हा अंदाज बरोबर निघतो. पण चक्कर कानाच्या आतल्या बिघाडानेही येते, रक्तातली साखर उतरल्यानेही येते, हिमोग्लोबिन कमी असल्यानेही येते आणि घाबरून भराभर श्वास घेतल्यानेही येते. खोली गरगर फिरतेय असं वाटत असेल तर बहुधा कानाचा दोष असतो. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे काळोख येतो आणि आडवं झाल्यावर मिनिटभरात बरं वाटतं, तेव्हा रक्तदाबावर संशय घ्यायला जागा आहे. एरवी अंदाजाने काही ठरत नाही. त्रास चालू असतानाच बीपी आणि नाडी मोजायला हवी. तासाभराने, बरं वाटायला लागल्यावर घेतलेलं रीडिंग या कामी फारसं उपयोगाचं नाही.

९०/६० ही रेघ कितपत खरी?

वरचा आकडा ९० च्या खाली किंवा खालचा ६० च्या खाली गेला की त्याला कमी रक्तदाब म्हणतात. पण ही फक्त सोयीसाठी आखलेली रेघ आहे. सडपातळ, तरुण किंवा रोज भरपूर व्यायाम करणाऱ्या कित्येकांचं बीपी कायम ९०/६० च्या आसपास असतं आणि त्यांना कसलाही त्रास नसतो. अशांना गोळीची गरज नाही, टॉनिकची नाही, जास्त मिठाचीही नाही. उलट ज्याचा वरचा आकडा वर्षानुवर्षं १६० आहे, त्याचा अचानक ११० झाला तर कागदावर तो ‘नॉर्मल’ दिसतो, पण त्याच्या मेंदूला तो अपुरा पडू शकतो.

अवयवांना रक्त पोचतंय की नाही हे सरासरी दाबावर ठरतं. खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांच्या फरकाचा एक तृतीयांश मिळवला की तो ढोबळमानाने निघतो. ९०/६० चा फरक ३०, त्याचा तृतीयांश १०, म्हणजे सरासरी ७०. अतिदक्षता विभागात शॉकमधल्या, म्हणजे दाब कोसळून अवयवांना पुरेसं रक्त न पोचणाऱ्या, रुग्णाचा सरासरी दाब सहसा किमान ६५ ठेवायचा प्रयत्न असतो. म्हणजे धडधाकट माणसाचं ९०/६० हे संकट नव्हे.

या खुणा दिसल्या तर घरगुती उपाय नकोत

त्वचा गार आणि घामेजलेली, नाडी बारीक आणि वेगवान, माणूस गोंधळलेला किंवा गुंगीत, लघवी जवळजवळ बंद: हे शॉकचं चित्र आहे. त्याला तातडीने रुग्णालयातच न्यायला हवं. छातीत दुखणं, धाप, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी, ताप आणि थंडीबरोबर उतरलेलं बीपी, गरोदरपणात पोटात तीव्र दुखणं किंवा रक्तस्राव, व्यायाम करताना किंवा आडवं असताना आलेली बेशुद्धी, यांतलं काहीही असेल तरी तेच. रुग्णवाहिका येईपर्यंत आडवं झोपवा. पाय उचलून धरा, मात्र धाप लागत असेल किंवा पायाला अथवा कण्याला इजा असेल तर नको. गुंगीत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

औषध, कीटकदंश किंवा खाण्यातल्या पदार्थाची ॲलर्जी होऊन बीपी कोसळलं असेल तर पहिलं औषध ॲड्रेनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत देतात, प्रौढांना सहसा ०.५ मिलिग्रॅम. ॲलर्जीची नेहमीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. अशा रुग्णाला एकदम उठवून बसवणं किंवा चालवणं जिवावर बेतू शकतं. श्वासाचा त्रास असेल तर पाय लांब ठेवून टेकून बसू द्या, पण उभं करू नका.

मोजताना आकडा खोटा कुठे पडतो

घरी मिळणाऱ्या ‘लो’ रीडिंगपैकी बरीचशी मोजण्याच्या चुकीतून येतात. दंडाचा पट्टा मोठा असला की आकडा खोटा कमी येतो, आणि बारीक दंडाच्या माणसाला यंत्रासोबत आलेला मोठा पट्टा लावणं ही हमखास होणारी चूक. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराचा सुमारे ८० टक्के भाग वेढेल अशी हवी. हात हृदयाच्या पातळीपेक्षा वर असला तरी आकडा घसरतो: दर १० सेंटिमीटरला साधारण ७-८ अंक. मनगटावरच्या यंत्रांचा घोळ बहुतेक इथेच होतो.

पाच मिनिटं शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं घ्या. एका हाताची धमनी अरुंद असेल तर त्या हाताचं बीपी कमीच दिसणार, म्हणून पुढे जास्त आकड्याचाच हात धरायचा. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित यंत्रावर विसंबू नका, लागोपाठ तीन रीडिंग घ्या आणि तीही जुळत नसतील तर डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या.

उभं राहून मोजायची चाचणी

बसून एकदाच मोजलेलं बीपी या आजाराची अर्धी माहिती लपवतं. बसून १३०/८० दिसणारा माणूस उभं राहिल्यावर ९५/६० होऊ शकतो, आणि पडतो तो उभं राहिल्यावरच. म्हणून ही चाचणी सकाळी उठल्याबरोबर, गोळ्या आणि खाणं याआधी करा. बहुतेकांचा त्रास सकाळीच जास्त असतो. शेजारी कोणीतरी असू द्या.

पलंगावर पाच मिनिटं सपाट झोपा. त्याच स्थितीत बीपी आणि नाडी मोजून लिहा. पट्टा न काढता उभे राहा, मागे पलंग असू द्या. एक मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. उभं असताना पट्ट्याचा हात सोबतच्या माणसाने छातीच्या पातळीवर धरून ठेवावा. लोंबता ठेवला तर आकडा जास्त येतो आणि घसरण झाकली जाते. मध्येच अंधारी आली तर ताबडतोब बसा आणि ती वेळ लिहून ठेवा, तीही माहितीच आहे.

तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर उभं राहिल्यावरचा कमी रक्तदाब आहे असं म्हणतात. झोपून मुळातच बीपी जास्त असेल तर वरच्या आकड्याची ३० ची घसरण महत्त्वाची मानतात.

आता नाडीकडे बघा, कारण खरी गोम तिथे आहे. दोन वह्या कल्पून घेऊ. पहिलीत लिहिलंय: झोपून ११८/७६, नाडी ७८, उभं राहून तीन मिनिटांनी ९४/६८, नाडी १०६. वरचा आकडा २४ ने पडला, नाडी २८ ने वाढली. म्हणजे शरीराची यंत्रणा जागी आहे आणि धडपडतेय, पण नळीत पुरेसं रक्त नाही. जुलाब, उलट्या, ताप, रक्तस्राव, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, इकडे शोध घ्यायचा. दुसऱ्या वहीत: झोपून १४८/८२, नाडी ६८, तीन मिनिटांनी १०४/६६, नाडी ७४. दाब ४४ ने कोसळला आणि नाडी जेमतेम ६ ने हलली. इथे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या नसाच गप्प आहेत: जुना मधुमेह, पार्किन्सन्स, तत्सम आजार. नाडीतली वाढ भागिले वरच्या आकड्यातली घट ०.५ पेक्षा कमी आली तर नसांचा दोष संभवतो. बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं बीपी-हृदयाचं औषध) चालू असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर मात्र हे गणित लागू पडत नाही.

बीपी न पडता नाडीच दहा मिनिटांत ३० पेक्षा जास्त वाढत असेल, किशोरवयात ४० पेक्षा जास्त, आणि त्रास महिनोन्‌महिने चालू असेल, तर तो वेगळा विकार आहे. त्याचं निदान तज्ज्ञाकडूनच करून घ्या. आणि उभं राहताच पहिल्या १५ सेकंदांत येऊन जाणारी अंधारी, तरुणांत नेहमी दिसणारी, घरच्या यंत्रात सापडतच नाही. पट्टा फुगून रीडिंग येईपर्यंत दाब पूर्ववत झालेला असतो.

असं होतं कशामुळे

उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या धमनीतले आणि महाधमनीतले दाब ओळखणारे संवेदक काही सेकंदांत मेंदूला कळवतात, नसा रक्तवाहिन्या आवळतात, नाडी थोडी वाढते, आणि आपल्याला काही जाणवतही नाही. या साखळीत तीन ठिकाणी बिघाड होतो: रक्ताचं आकारमान कमी पडतं, नसांचा हुकूम पोचत नाही, किंवा हृदयच कमी पडतं. औषधं या तिन्ही ठिकाणी लुडबुड करू शकतात.

पहिला उपचार: गोळ्यांची यादी

आमच्या मते नवी गोळी लिहिण्याआधी जुन्या गोळ्यांवर बोट ठेवून एकेक वाचणं हा सर्वांत फलदायी उपचार आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन, प्राझोसिन, छातीदुखीचे नायट्रेट, बीटा ब्लॉकर, अमिट्रिप्टिलिनसारखी नैराश्यावरची औषधं, पार्किन्सन्ससाठीचं लेव्होडोपा, अफूजन्य वेदनाशामकं, सिल्डेनाफिल (व्हायाग्रा): संशयितांची रांग मोठी आहे. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल ही जोडी तर घ्यायचीच नसते, बीपी धोकादायक कोसळतं. दारूही रक्तवाहिन्या सैल करते, तीही यादीत लिहा.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर किंवा बीपीचं क्लोनिडिन एकदम सोडलं तर बीपी उसळतं. आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडची गोळी अचानक थांबवली तर अधिवृक्क (मूत्रपिंडावरची ॲड्रिनल) ग्रंथी वेळेवर जागी होत नाही, बीपी इतकं कोसळतं की प्राणावर बेततं. डॉक्टर सहसा मात्रा कमी करतात, वेळ बदलतात, किंवा तुलनेने कमी त्रास देणारं औषध निवडतात. ‘बीपी लो होतंय म्हणून बीपीच्या सगळ्या गोळ्या बंद’ हा मार्ग चुकीचा आहे; ताब्यात नसलेला उच्च रक्तदाब उभं राहिल्यावरची घसरणही वाढवतो. जुलाब-उलट्या लागल्या तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या, हे आजारी पडण्याआधीच विचारून ठेवा.

पाणी आणि मीठ, पण मोजून

जुलाब-उलट्यांनी बीपी उतरलं असेल तर ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्ध्या लिटरात घातलेलं दाट मिश्रण जुलाब वाढवू शकतं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ टाकून बीपी वर येत नाही. तेव्हा बरं वाटतं ते बहुधा आडवं झाल्यामुळे.

कायमच्या त्रासात दिवसाला दोन ते अडीच लिटर द्रव पदार्थ पोटात जायला हवेत. मीठ वाढवायचा सल्ला मात्र सरसकट नाही. उच्च रक्तदाब, हृदय कमजोर असणं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार, पायांवर सूज, यांतलं काही असेल तर जादा मीठ आणि जादा पाणी दोन्ही नुकसान करतात.

नसांच्या दोषात एक साधी युक्ती आश्चर्यकारक काम करते: सुमारे अर्धा लिटर साधं पाणी दोन-तीन मिनिटांत पिऊन टाकणं. घोट घोट प्यायलं तर हा परिणाम मिळत नाही. बीपी काही मिनिटांत चढू लागतं, अर्ध्या तासाच्या सुमारास सर्वांत वर जातं आणि तासाभराने उतरतं. सकाळी पलंगावरून उठण्याआधी ते पिणं सर्वांत सोयीचं. ज्यांना द्रवावर मर्यादा घातली आहे त्यांनी ही युक्ती करायची नाही.

शरीराची कसरत

उठताना तीन टप्पे. आधी झोपल्या झोपल्या पावलं वर-खाली वीसेक वेळा हलवा. मग पाय खाली सोडून मिनिटभर बसा. मग आधार धरून उभे राहा आणि चालायला लागण्याआधी क्षणभर थांबा. रात्री लघवीला उठणाऱ्या पुरुषांनी बसूनच लघवी करावी. झोपेतून एकदम उठणं, सैल झालेल्या रक्तवाहिन्या आणि मूत्राशय रिकामं होताना घसरणारा दाब, तिन्ही एका वेळी येतात आणि माणूस न्हाणीघरात कोसळतो.

अंधारी यायला लागली की पाय एकमेकांवर आडवे टाकून मांड्या, नितंब आणि पोट घट्ट आवळा, किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून विरुद्ध दिशांना ओढा. त्रास जाईपर्यंत आवळून ठेवा, श्वास मात्र रोखू नका. रोखला तर दाब आणखी पडतो. तेवढ्याने भागलं नाही तर उकिडवे बसा, त्यानंतर आडवे व्हा. लाज वाटून उभं राहण्यात अर्थ नाही. रक्त बघून, इंजेक्शनच्या वेळी किंवा गर्दीत उभं राहून बेशुद्ध पडणाऱ्यांनाही याच हालचाली उपयोगी पडतात. त्यांना मळमळ, घाम, कानात गुणगुण अशी सूचना आधी मिळते. तेवढा अवधी पुरतो.

दाब देणारे मोजे घ्यायचे तर कमरेपर्यंतचे, ३० ते ४० मिमी (पारा) दाबाचे. गुडघ्यापर्यंतचे मोजे फारसे कामाचे नाहीत, कारण बरंचसं रक्त साठतं ते पोटात. म्हणून मोजे झेपत नसतील तर नुसता पोटाचा पट्टाही चांगला, आणि बऱ्याच जणांना तोच सोसतो. दोन्ही गोष्टी पलंगावरून उठण्याआधी घालायच्या आणि रात्री आडवं झाल्यावर काढायच्या. पायातल्या धमन्या अरुंद असतील किंवा पायांची संवेदना गेली असेल तर डॉक्टरांना न दाखवता मोजे घालू नका.

व्यायाम सोडून अंथरूण धरलं की त्रास वाढतो. उभ्याने जमत नसेल तर बसून किंवा आडवं राहून पायांचे व्यायाम करा. फार गरम पाण्याची आंघोळ, वाफ, भर उन्हात उभं राहणं आणि शौचाला कुंथणं टाळा.

जेवणानंतर येणारी झापड

वृद्ध, मधुमेही आणि पार्किन्सन्सच्या रुग्णांत जेवल्यानंतर दोन तासांच्या आत वरचा आकडा २० ने उतरू शकतो. रक्त आतड्यांकडे वळतं आणि त्याची भरपाई होत नाही. जेवणाआधी आणि नंतर दर अर्ध्या तासाने मोजलं की कळतं. उपाय: तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी, प्रत्येकात पिष्टमय आणि गोड कमी, जेवणाआधी दोन पेले पाणी, जेवणानंतर तासभर बसून राहणं. बीपीची गोळी जेवणाच्या तोंडावर येत असेल तर तिची वेळ बदलून घ्या. काहींना अकार्बोज देतात, ते साखर शोषली जाण्याचा वेग कमी करतं.

गरोदरपण

पहिल्या सहा महिन्यांत बीपी थोडं उतरणं अपेक्षितच आहे, शेवटच्या तिमाहीत ते परत चढतं. साधारण २० आठवड्यांनंतर उताणं झोपल्यावर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि घेरी येऊ शकते. डाव्या कुशीवर वळलं की बरं वाटतं.

तपासण्या आणि मूळ आजार

साधारणपणे हिमोग्लोबिन, सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर, बी-१२, थायरॉइड आणि ईसीजी पुरतात. हृदयात आवाज ऐकू आला तर इको. वजन उतरतंय, त्वचा काळवंडतेय, खारट खावंसं वाटतंय, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त आलंय, तर सकाळचं कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथीचं संप्रेरक) तपासायलाच हवं. ही ग्रंथी निकामी होण्याचा ॲडिसन्स आजार असाच महिनोन्‌महिने ‘अशक्तपणा’ म्हणून अंगावर काढला जातो. अशा ठिकाणी बीपीचं वेगळं औषध नसतं. ग्रंथीला संप्रेरक, नाडी फार मंद असेल तर पेसमेकर, अरुंद झडपेला शस्त्रक्रिया, असा त्या त्या मुळावर इलाज.

औषधं, आणि रात्रीची अडचण

वरचं सगळं करूनही उभं राहता येत नसेल तर गोळ्या. बीपी १२०/८० करणं हा हेतू नसतो. न पडता स्वयंपाक, आंघोळ, चालणं होईल एवढं मिळालं तर पुष्कळ झालं.

फ्लुड्रोकॉर्टिसोन सहसा ०.१ मिलिग्रॅमने सुरू करतात. ते मीठ आणि पाणी शरीरात धरून ठेवतं, म्हणून पायांवर सूज येते, वजन वाढतं, पोटॅशियम उतरतं. कमजोर हृदयाला ते झेपत नाही. सुरू केल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत पोटॅशियम तपासा. मिडोड्रिन रक्तवाहिन्या आवळतं, २.५ ते १० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. डोक्याला खाज आणि अंगावर काटा येणं हे त्याचं लक्षण निरुपद्रवी, लघवी अडकणं मात्र नाही. नसांच्या दोषात ड्रॉक्सिडोपाही वापरतात.

या आजारात उभ्याने कमी आणि आडवं झाल्यावर जास्त असा विचित्र प्रकार दिसतो. दुसऱ्या वहीतलं झोपून १४८ आठवा. त्याचं औषधाने १८० होऊ शकतं. रात्रभर दाब जास्त राहिला की मूत्रपिंड मीठ-पाणी बाहेर टाकतं, लघवीला उठावं लागतं आणि सकाळी बीपी आणखी कोसळतं. म्हणून पलंगाची डोक्याकडची बाजू १५ ते २३ सेंटिमीटर उचला. पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे ठेवायचे, उशा वाढवायच्या नाहीत. उशांनी मान वाकते, धड सपाटच राहतं. मिडोड्रिनची शेवटची मात्रा झोपण्याच्या किमान चार तास आधी. दुपारी आडवं व्हायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, दुपारच्या गोळीची वेळ त्यावरून ठरते.